क्रमपाळी

औद्योगिक इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून एक माणूस नेहमी निसटतो. संस्थापकांची चरित्रे लिहिली जातात, कामगारांचे लढे नोंदवले जातात, यंत्रांची क्षमता आणि भांडवलाचे आकडे वार्षिक अहवालांत मिळतात. मात्र आज कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे रोज सकाळी ठरवणाऱ्या माणसाचा उल्लेख सहसा कुठेच सापडत नाही. त्याचे वेळापत्रक सुरळीत पार पडले तर श्रेय व्यवस्थापनाला जाते. कोलमडले तर दोष पावसाला किंवा दैवाला दिला जातो. प्रस्तुत लेखात या माणसाचा माग जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत काढायचा आहे. तेथे तो साखर कारखान्याच्या शेतकी विभागात बसतो आणि त्याच्या हातातील कागदाला 'तोडणी कार्यक्रम' असे म्हणतात.

साहित्याच्या अभ्यासकांना जुन्नर परिचित असते ते नाणेघाटातील शिलालेखामुळे, लेण्यांमुळे आणि पेशवाईच्या दप्तरांत वापरल्या गेलेल्या जुन्नरी कागदामुळे. येथील लेण्यांतील लेखांत श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिलेले लेणे आहे. कासारांच्या आणि वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. अनेकांनी मिळून उद्योग करायचा तर काही नियम बांधून घ्यावे लागतात, ही जाण या भूमीत सुमारे दोन हजार वर्षांची आहे. विसाव्या शतकात ती साखरेच्या रूपाने पुन्हा प्रकट झाली, असे म्हणायला हरकत नाही.

येथे ऊस आला तो कालव्यांमागोमाग. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांतच आहेत. पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले, आणि गाळपासाठी कारखाने उभे राहिले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरेकाठी लोणीला झाला; विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. जुन्नर-आंबेगावात हे लोण काही दशकांनी पोहोचले. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे 'विघ्नहर', तर नंतर आंबेगाव तालुक्यात पारगावजवळ दत्तात्रयनगर येथे 'भीमाशंकर' हे सहकारी कारखाने झाले. पहिल्याचे नाव ओझरच्या गणपतीवरून आले आहे. कारखान्याला देवाचे नाव देण्याची प्रथा सर्वत्र आहे. तरी ज्या उद्योगात विघ्नांचा बंदोबस्त हेच रोजचे मुख्य काम असते, त्याला 'विघ्नहर' हे नाव विशेष शोभते.

हे काम समजून घेण्यासाठी आधी गुऱ्हाळाकडे पाहावे लागेल. गुऱ्हाळात तोडणी आणि गाळप यांचा मेळ आपोआप बसत असे. चरकाला जेवढा ऊस लागेल तेवढाच तोडायचा; काहिलीत जेवढा रस मावेल तेवढाच गाळायचा. बैल आजारी पडला किंवा पाऊस आला तर चूल विझे, आणि उभा ऊस शेतात सुखरूप राही. विघ्न येई ते त्या घराचे, फार तर त्या वस्तीचे. शिवाय निर्णय घेणारा आणि नुकसान सोसणारा बहुधा एकच असे.

कारखान्याने हा मेळ मोडला. साधा हिशेब करून पाहू. दिवसाला २,५०० टन गाळपाचा कारखाना म्हणजे तासाला सुमारे १०४ टन ऊस, तोही रात्रंदिवस, साधारण चार ते पाच महिने. नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवसायात 'एक कोयता' म्हणतात, दिवसाला अंदाजे दीड ते दोन टन ऊस तोडते. म्हणजे एवढ्याच क्षमतेच्या कारखान्यासाठी बाराशे ते सोळाशे कोयते रोज निरनिराळ्या शिवारांत चालू असावे लागतात. तोडलेला ऊस थांबत नाही. त्याचे वजन घटू लागते आणि साखरही उतरू लागते. म्हणून तो शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उलट गव्हाण रिकामी पडली तर कारखाना थांबतो. या थांबण्याला 'नो केन' म्हणतात. गाळप थांबले की बगॅस येत नाही, बगॅस नाही तर बॉयलरला इंधन नाही, आणि वाफ उतरली की वाटेत असलेला रस खराब होऊ लागतो. एकीकडे वाळणारा ऊस आणि दुसरीकडे भुकेली गव्हाण, या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत शेतकी विभागाचा माणूस उभा असतो.

त्याच्या हातातील मूळ कार्यक्रम अगदी न्याय्य दिसतो. शेतकऱ्याने लागणीची नोंद करायची. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा प्रकारांनुसार, उसाची जात आणि लागणीची तारीख पाहून, प्रत्येकाचा क्रम लागतो. याला 'क्रमपाळी' म्हणतात. शब्द जुन्या वळणाचा आहे. पाणीपाळी, रातपाळी, पाळीचे मानकरी अशा अनेक प्रयोगांत 'पाळी' भेटते, आणि तिच्यात एक आश्वासन असते: आज तुझी, उद्या माझी, कोणालाही वगळले जाणार नाही. सहकाराचे सारे नैतिक बळ या एका शब्दात एकवटलेले आहे. सभासद हा कारखान्याचा मालक, आणि सगळे मालक समान. मग आधी कोण, हे ठरवण्याचे साधन लागणीच्या तारखेइतके निःपक्षपाती दुसरे कोणते असणार?

पण हंगाम सुरू झाल्यावर क्रमपाळी काही दिवसही जशीच्या तशी टिकत नाही.

पहिले विघ्न पावसाचे. १ आणि २ डिसेंबर २०२१ या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात थंडी-वाऱ्यासह अवकाळी पाऊस झाला, आणि गारठ्याने मेंढपाळांची असंख्य मेंढरे दगावली. अशा वेळी भारी काळ्या जमिनीतले फड बंद पडतात. वाफसा येईपर्यंत तेथे ट्रॅक्टर घालता येत नाही. मग कार्यक्रम आखणारा मुरमाड जमिनीचे, डांबरी रस्त्याकाठचे फड शोधतो. मुरलेला माणूस तर कारखान्याजवळचे, सडकेलगतचे काही फड अशा दिवसांसाठी मनातल्या मनात राखूनच ठेवतो. ही राखण कोणत्याही नोंदवहीत नसते. तिचा फायदा सडकेकाठच्या शेतकऱ्याला होतो. ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्याची पाळी मागे सरकते, आणि त्याच्या उसाला तोवर तुरा येतो.

दुसरे विघ्न आगीचे. विजेच्या तारांच्या ठिणगीने किंवा शेजारच्या पाचटाच्या आगीने ऊस जळतो. जळालेला ऊस फार लवकर खराब होतो, म्हणून तो आधी तोडावा लागतो. त्यासाठी क्रम मोडणे रास्तच आहे. परंतु नियम कळला की त्याचा उपयोगही कळतो. पाळी येत नाही असे दिसले की काही ठिकाणी शेतकरी स्वतःच फड पेटवून देतो. मजुरांनाही पाचट जळून गेलेला ऊस तोडणे सोपे जाते. म्हणून जळीत उसाच्या दरात कपात केली जाते. ही कपात म्हणजे अपघातग्रस्ताला दंड आणि लबाडाला सवलत, असे दोन्ही एकदम असते. कारण अपघात आणि लबाडी यांच्यातला फरक राखेवरून सांगता येत नाही. तो सांगावा लागतो गटातल्या चिटबॉयला, जो त्या शेतकऱ्याला, त्याच्या भावबंदांना आणि बांधाच्या भांडणांना ओळखत असतो.

तिसरे विघ्न यंत्राचे. गाळपाची यंत्रणा बिघडली की केनयार्डात वाहनांच्या रांगा लागतात. अशा वेळी वाहतूक रोखण्याआधी तोडणी रोखावी लागते, कारण उभा ऊस तग धरतो, आडवा धरत नाही. भ्रमणध्वनी येण्यापूर्वी हा निरोप फडाफडांत पोहोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असे. दुरुस्ती झाल्यावरही अनुभवी माणूस लगेच पूर्ण भाराच्या चिठ्ठ्या काढत नाही. यंत्र पुन्हा कुरकुरते का, याचा तो अंदाज घेतो.

येथे थोडे बाहेरच्या जगाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. कारखान्यातील कामांचा क्रम हा पाश्चात्त्य जगात शास्त्राचा विषय झाला. हेन्री गँट याचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत प्रसिद्ध झाले, एस. एम. जॉन्सन याने १९५४ मध्ये दोन यंत्रांवरील कामांचा उत्तम क्रम लावण्याची गणिती रीत मांडली. पुढील काही दशके या विषयावर विपुल लेखन झाले. मात्र त्या लेखनातील कारखान्यात सहसा काही बिघडत नसे. केनेथ मॅके, फ्रँक सफायेनी आणि जॉन बझाकॉट यांनी १९८८ मध्ये या गणिताचा प्रत्यक्ष कारखान्याशी कितपत संबंध आहे, असा प्रश्न विचारला. मॅके याने पुढे वेळापत्रक लावणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून त्यांचे काम पाहिले. नुकत्याच दुरुस्त झालेल्या यंत्रावर महत्त्वाचे काम काही काळ न टाकण्याची त्यांची सवय त्याने टिपली आणि तिला शास्त्रीय रूप दिले. या माणसांची बरीचशी शक्ती क्रम लावण्यापेक्षा पुढे काय बिघडेल याची चाहूल घेण्यात खर्च होते, असे त्याच्या निरीक्षणांतून दिसते. आपल्या शेतकी विभागातील माणसाने मॅके वाचलेला नसतो. परंतु गव्हाण चालू झाल्यावरही हात आखडता ठेवणारा तो आणि मॅकेच्या कारखान्यातला माणूस एकाच शाळेतले आहेत.

चौथे विघ्न मात्र खास या भागाचे आहे. ऊस दाट, गारवा देणारा आणि वर्षभर उभा असतो. त्यात बिबट्याची मादी पिल्ले घालते. तोडणी करणाऱ्या बाईच्या कोयत्यापुढे अचानक डोळेही धड न उघडलेली दोन-तीन पिल्ले दिसतात, आणि त्या फडातले काम थांबते. वनविभागाला कळवायचे, पिल्लांची तपासणी व्हायची, आणि संध्याकाळी ती त्याच जागी खोक्यात ठेवायची, म्हणजे रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. ही रीत येथे अलीकडे रुळली. २००१ ते २००३ या काळात मात्र जुन्नर वनविभागात शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि त्यांतील अनेक दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की असे हलवल्याने संघर्ष मिटत नाही. नव्या ठिकाणी तो उभा राहतो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची कहाणी याच काळाची. प्रश्न आजही सुटलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि लोक रस्त्यावर उतरले.

कार्यक्रम आखणाऱ्याच्या दृष्टीने बिबट्याचा अर्थ असा की एक टोळी दिवसभरासाठी दुसऱ्या फडात वळवायची. हे तो सहज करतो. अडचण पुढची आहे. फडाकाठी कोपीत झोपणारी, पहाटेच्या अंधारात तोडीला निघणारी, तान्ह्या मुलाला बांधावर ठेवणारी माणसे त्याच उसाभोवती राहतात, आणि त्यांची भीती कार्यक्रमाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. बिबट्याला दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न जसा केवळ जागा बदलतो, तसेच प्रत्येक विघ्नाचे होते. कारखाना थांबू नये म्हणून ते शेतकऱ्याकडे सरकते. शेतकऱ्याकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून टोळीकडे.

हेच मला या इतिहासातले मध्यवर्ती सूत्र वाटते. अनपेक्षित घटना हाताळणे म्हणजे ती नाहीशी करणे नव्हे. ती कोणाच्या दारी जाऊन थांबेल, हे ठरवणे म्हणजे हाताळणे. गव्हाणीने एक तास थांबल्याची नोंद होते, तासाचे पैसे काढले जातात, सभेत त्यावर प्रश्न विचारले जातात. ऊस महिनाभर उशिरा तुटल्याची घट शेतकऱ्याच्या वजनपावतीत मुकाट्याने मिसळून जाते. आणि वाहन न आल्यामुळे टोळी दिवसभर फडात बसून राहिली, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. कारण मजुरी टनावर असते आणि बसण्याला वजन नसते.

मोठ्या संकटांत हे अधिक स्पष्ट दिसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता. राज्यभरात लाखावर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. गावी परतण्याची परवानगी देणारा शासनाचा आदेश १७ एप्रिलला निघाला. साखर अत्यावश्यक वस्तू असल्याने गाळप चालू ठेवण्याची तजवीज त्याआधीच झाली होती. २०२१-२२ च्या हंगामात उलट प्रकार घडला. ऊस अमाप झाला, राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली, आणि गाळप जूनपर्यंत लांबले. मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात ऊस उभा राहिला, पाळी येईना म्हणून शेतकरी हवालदिल झाले, आणि शासनाला वाहतुकीसाठी व घटलेल्या उताऱ्यासाठी अनुदान द्यावे लागले. क्रमपाळी कोलमडली की ती पुन्हा उभी करायला सार्वजनिक पैसा लागतो, हे त्या वर्षाने दाखवले.

तंत्रज्ञानाने काही बदलले का? १९९८ मध्ये वारणा परिसरातील ७० गावांत संगणक जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि तोडीची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे भ्रमणध्वनीवर संदेश आले, उपग्रहाच्या चित्रांवरून उसाची पक्वता पाहता येऊ लागली, तोडणी यंत्रे आली. यामुळे गुपचूप क्रम बदलणे अवघड झाले, हा लाभ लहान नाही. तरी संगणकाला रकाना लागतो, आणि जे रकान्यात नसते ते त्याला विघ्न म्हणूनही दिसत नाही.

असे एक विघ्न सांगून हा लेख संपवतो. 'कोयता' म्हणजे जोडी. त्यातील एकाने काम चुकवले तर 'खाडा' धरला जातो आणि जोडीच्या उचलीतून दंड कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक होती: वैद्यकीय गैरव्यवहार, अज्ञान, पाण्याची आणि शौचालयाची वानवा. पण त्यात महिन्याच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, हे कारणही स्त्रियांनी स्वतः सांगितले. पश्चिम महाराष्ट्रातील फडांत ऊस तोडणाऱ्या कितीतरी स्त्रिया याच बीडमधून येतात.

मराठीने या दोन्ही गोष्टींना एकच शब्द दिला आहे. शेतकऱ्याची पाळी आणि बाईची पाळी. पहिलीसाठी आपण नोंदवही ठेवली, आदेश काढले, सभा गाजवल्या, संगणक आणले. दुसरी दर महिन्याला, ठरल्या वेळी येते; पाऊस, आग, बिघाड आणि बिबट्या यांच्या तुलनेत तिच्यात अनपेक्षित असे काहीही नाही. तरीही ती कार्यक्रमात कधी धरली गेली नाही. तेव्हा बाईने तो बिघाड आपल्या शरीरातूनच काढून टाकला.

कोणत्या घटनेला अनपेक्षित म्हणायचे, हेही शेवटी कार्यक्रम आखणाराच ठरवत असतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. तो स्वतः दोन घड्याळांमध्ये अडकलेला पगारी माणूस आहे, आणि त्याच्या चातुर्यावर दोन तालुक्यांची अर्थव्यवस्था चालते. पण सहकाराने 'पाळी' या शब्दात जे आश्वासन दिले होते, ते सभासदाच्या बांधापाशी थांबले, हे इतिहासाने नोंदवायला हवे. टोळीच्या विश्रांतीचे दिवस कार्यक्रमातच धरणे, वाहनाची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसाला दाम देणे, खाडा बंद करणे, या गोष्टी तासाला १०४ टनांच्या हिशेबात बसवणे कठीण असेल, अशक्य नाही. ज्या माणसाला पावसासाठी सडकेकाठचा फड राखून ठेवता येतो, त्याला चार दिवस राखून ठेवणेही जमेल. तसे करण्याचा अधिकार त्याला द्यायचा की नाही, हे मात्र सभासदांना ठरवावे लागेल.